नापासांचं स्वागतगीत

मध्यंतरी नातीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. तिची बारावी झाली आहे, आणि देशभरातल्या विद्यापीठांची पानं चाळत बसणं हा तिचा सध्याचा उद्योग आहे. "आजी, हे तुझं ना?" म्हणाली. वर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'विद्यापीठ : एका दृष्टिक्षेपात'. खालचं मला वाचता येईना, तेव्हा तिनं दोन बोटांनी काहीतरी करून ते मोठं करून दिलं. रंग दिलेली इमारत, निसर्गरम्य परिसर, विविध विद्याशाखांचा सुंदर मिलाफ, सर्वांगीण विकास. मी तळापर्यंत गेले. सर कुठंच नव्हते. म्हणजे त्या दृष्टिक्षेपात परिसर आला, मिलाफ आला, विद्यापीठ तेवढं राहून गेलं.

तर खरी हकिगत मी सांगते.

आमचं विद्यापीठ सरकारी, लहान, आणि भांडणातून जन्माला आलेलं. शहापूरवाल्यांना ते शहापुरात हवं होतं आणि मुरबाडवाल्यांना मुरबाडात. कुणी मागं हटेना. शेवटी शेणव्याच्या पुढं, दोन तालुक्यांच्या हद्दीवर, कुणालाच नको असलेला एक माळ सापडला आणि इमारत बरोबर हद्दीवर आडवी टाकली. फाटक, कचेरी आणि वर्ग शहापूर तालुक्यात. सभागृह, वसतिगृह आणि मुताऱ्या मुरबाड तालुक्यात. मुरबाडकर पुढं कित्येक वर्षं आपल्या वाट्याला काय आलं ते लग्नाकार्यात सांगत. वीजही दोन ठिकाणची, अर्धी इमारत शहापूरच्या तारेवर, अर्धी मुरबाडच्या. हे विजेचं तेवढं ध्यानात ठेवा. पुढं माझी अब्रू त्याच तारांवर टांगली गेली.

या इमारतीत मराठी, इतिहास, गणित, रसायन, चित्रकला, संगीत सगळं एका छपराखाली शिकवलं जाई. मुलं भातशेतीच्या घरांतली, पाड्यांवरची. कसाऱ्याहून रेल्वेतल्या नोकरदारांची दोनचार येत. सगळी मिळून शहरातल्या एखाद्या कॉलेजच्या एका तुकडीएवढी भरतील.

आणि सर म्हणजे या सगळ्याचे पहिले कुलगुरू. कुलगुरूंची खोली होती, पण ती त्यांनी तबल्यांना आणि पेटीला दिली. "त्यांना दमट हवा सोसत नाही," म्हणाले. स्वतः व्हरांड्यात बसत. फरशीवर हद्दीची एक पांढरी रेघ ओढलेली होती, तिच्यावर त्यांची खुर्ची. डावा हात शहापुरात, उजवा मुरबाडात. ज्या तालुक्याचा माणूस भेटायला येई त्याला ते त्याच्या तालुक्याच्या हातानं नमस्कार करत. दिवाळीपर्यंत पायांत गमबूट, कानावर सुताराच्या पेन्सिलीसारखा खडू, आणि सगळ्यांना अहोजाहो. व्हरांड्यात एक तांबडं कुत्रं झोपलेलं असे, त्यालाही "अहो, जरा सरकता का?" आणि ते सरके.

मी मुलाखतीला गेले तेव्हा चाळिशीला टेकले होते, पण स्वतःला अजून सुवर्णपदकाची मुलगी समजत होते. डोंबिवलीची राहणारी. साडीला इतकी खळ की मी बसले की कागद चुरगळल्यासारखा आवाज होई. पदक पर्समध्ये घेऊन गेले होते. कुणी मागितलं तर असावं म्हणून. कुणी मागणार नव्हतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सरांनी माझे कागद पाहिले नाहीत. एकच प्रश्न विचारला.

"बाई, तुम्हाला काय येत नाही?"

मी पदर सारखा केला. "तसं सांगण्यासारखं काही नाही, सर."

सरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, नोकरी पक्की. "अरे वा. मग बरंच काम आहे. गाता का?"

मी म्हटलं, घरी थोडंफार. ते म्हणाले, म्हणा. मी डोळे मिटून दोन ओळी म्हटल्या. डोळे उघडले तेव्हा शहापुरात झोपलेलं कुत्रं उठून मुरबाडात निघालं होतं.

"संगीत घ्या," सर म्हणाले.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की मला मराठीबरोबर संगीतही शिकवायला दिलं आहे. नवऱ्यानं उठून खिडक्या लावून घेतल्या. फार समजूतदार माणूस.

रुजू झाल्यावर कळलं, शिकवायचं नव्हतं, शिकायचं होतं. सरांचा पहिला नियमच तो. तिथं शिकवणाऱ्या प्रत्येकानं आपल्याला न येणारा एक विषय घ्यायचा, पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बाकावर बसायचं, हजेरी द्यायची, परीक्षा द्यायची, आणि निकाल मुलांच्याच निकालात फळ्यावर लागायचा. नापास झालात तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच बाकावर. सर स्वतः गणिताला बसत. पहिल्या बाकावर, गमबुटांसकट. गणिताचा मास्तर कोवळा होता, त्याला सरांचा पेपर तपासताना घाम फुटे. त्यांनी त्याला आधीच बजावलं होतं, की मला उगाच पास केलंत तर तुमची नोकरी जाईल, आणि तीही मीच घालवीन. दर वर्षी सर नापास होत आणि दर वर्षी पेढे वाटत, कारण गेल्या वर्षीपेक्षा चारदोन गुण वाढलेले असत.

दुसरा नियम याहून वाईट. कुठलाही कार्यक्रम असो, त्यातलं काम त्या त्या विषयात नापास झालेल्यांनीच करायचं. रांगोळी चित्रकलेतल्या नापासांची. एकदा त्यांनी दारात मोर काढला, तर पाहुणे तो ओलांडताना थांबून म्हणाले, "वा, जिल्ह्याचा नकाशा छान आहे." आणि स्वागतगीत संगीतातल्या नापासांचं. म्हणजे माझं, आणि दम्यामुळे अर्ध्या ओळीत थांबणाऱ्या रसायनवाल्या सरांचं. गीतही मीच लिहिलेलं: 'या या पाहुणे या, ज्ञानदीप उजळाया'. हे शब्द आज लिहितानाही माझे कान तापतात, पण तेव्हा मी त्यांना आणखी सहा कडवी जोडली होती.

मी एकदा व्हरांड्यात जाऊन सरांशी वाद घातला. ते म्हणाले, "पास झालेल्याला येतंच आहे. ज्याला येत नाही त्यानं चार लोकांत करावं. लाज गेली की सूर लागतो."

"सर, लाज गेली. सूर अजून लागला नाही."

"मग थोडी शिल्लक असेल. शोधा."

संगीताच्या बाकावर माझ्या शेजारी यमुना बसे. वैशाखऱ्याच्या पलीकडच्या पाड्यावरची. घरची जमीन नाही, आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे. शाळेत मिळालेली सायकल एस.टी.च्या टपावर टाकून ती वसतिगृहात राहायला आली होती. गळा असा की तिनं सूर धरला की पेटीवाला मास्तर पेटीच बंद करून ऐकत राही. माझ्या गाण्याचं तिला मनापासून दुःख होई. "मॅडम, वर नाय, खाली," कानाशी कुजबुजे. "खाली उतरा नं. तुमी कवाच्या माळशेज चढून ऱ्हायल्या." आणि लगेच पुढच्या तासाला हीच यमुना माझ्या मराठीच्या वर्गात समोर बसे, आणि मी तिला वृत्तांचे लघुगुरू समजावून सांगे. मला आपलं वाटे, बाकावरचं ती विसरली असेल. ती कुणाकुणाला सांगून हसत असे ते मला फार पुढं कळलं. तीच सांगते आता, चहाला आली की.

तर एका वर्षी, भात पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा, सरांनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, समिती येतेय. एवढ्या लहान विद्यापीठाची गरज आहे का, ते पाहणार. नाही असं वाटलं तर शहरातल्या मोठ्या विद्यापीठात आपल्याला विलीन करणार, आणि ही इमारत गोदामाला देणार. हे सगळं त्यांनी उद्या डाळभात आहे अशा आवाजात सांगितलं, आणि गणिताच्या तासाला निघून गेले.

संध्याकाळी यमुना नळावर भेटली. मी विचारलं, बंद झालं तर तू काय करशील? कपडे पिळता पिळताच म्हणाली, "बा बोलला, हितं हाय तवर शिक. लांब धाडनार नाय. भट्टीवर हात कमी पडतात." आणि दुसरा कपडा पिळायला घेतला.

मला त्या रात्री झोप लागली नाही, असं लिहिणार होते. पण खरं म्हणजे मी छान झोपले, कारण उठल्याउठल्या सरांना काय सांगायचं ते माझं ठरलं होतं. गेले आणि म्हटलं, "सर, या खेपेला तरी यमुनाला गाऊ द्या."

"ती पास आहे."

"सर, विद्यापीठ जाईल हो."

"गेलं तर आपलं जाईल," सर म्हणाले. "यमुनाला पुढं करून वाचलं, तर ते दुसऱ्याच कुठल्यातरी विद्यापीठाचं वाचेल. तशी पुष्कळ आहेत."

हे मला मुळीच पटलं नाही. मी सुवर्णपदकवाली बाई. माझ्या डोक्यात तत्काळ युक्ती आली. यमुनाच्या आवाजात स्वागतगीत मोबाईलवर भरून घ्यायचं, सभागृहातल्या कर्ण्याला जोडायचं, आणि रंगमंचावर आम्ही नापासांनी नुसती तोंडं हलवायची. नियमाप्रमाणे उभे नापासच, आवाज तेवढा पासांचा. रसायनवाल्यांनी तर माझे हातच धरले, म्हणाले, बाई, माझा दमा वाचवलात.

यमुना मात्र तयार होईना. "मॅडम, तुमी नुसतं तोंड हलवनार? लोकांसमोर?"

मी म्हटलं, सिनेमात सगळे तेच करतात.

"ते दिसायला बरं असतात, मॅडम," ती म्हणाली. पण गायली. सातही कडवी, एका दमात.

एकच अडचण होती, भारनियमन. रोज चार चार तास वीज जाई. मी कचेरीच्या भिंतीवरचा तक्ता चष्मा लावून पाहिला. वीज जायची वेळ दुपारची, समिती सकाळची. काटेकोर आखणी केली म्हणून स्वतःची पाठ थोपटली. आरशासमोर उभी राहून आठवडाभर तोंड हलवायचा सराव केला. कुठं मान डोलवायची, कुठं हात वर न्यायचा, कुठल्या कडव्याला डोळे मिटायचे, सगळं बसवलं. नवरा दारातून एकदा डोकावला आणि तसाच परत गेला.

समितीत तिघेजण होते. दोघं सारखे घड्याळ पाहणारे, आणि अध्यक्ष. राखाडी सफारी, कडक इस्त्री, ओठ असे मिटलेले की चहा पिताना तरी ते उघडतील का अशी शंका यावी. सभागृह मुलांनी भरलेलं. सर गमबुटांत. मी रंगमंचावर गेले, इतकी खळ घातलेल्या साडीत की मला ध्वजासारखं उभं करता आलं असतं. मागं मोबाईलची कळ दाबली, आणि यमुनाचा आवाज सभागृहात असा पसरला की घड्याळं पाहणारे दोघं वर बघू लागले.

पहिलं कडवं संपलं. दुसरं संपलं. अध्यक्षांची मान किंचित हलली. मला वाटलं, जिंकलं. तिसऱ्या कडव्याला डोळे मिटायचे होते. मी मिटले. हात वर नेला, मान डोलावली, ओठ हलवले. रसायनवाल्यांनी कोपरानं ढोसलं, मला वाटलं दाद देतायत. पुन्हा ढोसलं. मी आणखी भावपूर्ण झाले.

डोळे उघडले तेव्हा सभागृह चिडीचूप होतं. पंखे थांबले होते. कर्णा मुका होता. आणि मी, एक हात आभाळात, आवाजाविना तोंड उघडझाप करत उभी, घागरीतल्या माशासारखी.

तक्ता मी शहापूरचा पाहिला होता. सभागृह मुरबाडात होतं.

अध्यक्षांनी सरांकडे वळून विचारलं, हे काय चाललं आहे? सर शांतपणे म्हणाले, "स्वागतगीत. पहिला भाग झाला. दुसरा आता सुरू होईल."

दुसरा भाग कसला, माझा हात अजून वरच होता. रसायनवाले तर दम्याचं निमित्त करून खालीच बसले. तेवढ्यात मुलींच्या रांगेतून यमुनाचा आवाज आला, "मॅडम, आता तुमचं तुमी म्हना. आमी हाव." आणि तिनं बाकावर ताल धरला. मग तिच्या शेजारणीनं, मग सगळ्या रांगेनं.

आणि मी गायले हो. माझ्या स्वतःच्या आवाजात, उरलेली पाचही कडवी. माळशेज चढले, तिथून खाली पडले, पुन्हा चढले. व्हरांड्यातलं कुत्रं उठून शहापुरात गेल्याचं मला रंगमंचावरून दिसलं. पण एक सांगते, पाचव्या कडव्यानंतर मला कुणाकडे बघायची भीती वाटेनाशी झाली होती. शेवटची ओळ मी चक्क दोनदा म्हटली.

टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्षांनी विचारलं, "या बाई संगीत शिकवतात?"

"नाही," मीच म्हटलं. "मराठी शिकवते. संगीतात नापास आहे. दोनदा."

मग सरांनी अध्यक्षांना सभागृहातल्याच निकालाच्या फळ्यापाशी नेलं आणि सगळे नियम समजावून दिले. आम्ही मागून. अध्यक्षांचं बोट नावांवरून खाली खाली गेलं आणि थांबलं. "कुलगुरू गणितात नापास आहेत, हे तुम्ही भिंतीवर लावता?"

"लपवायला जागा नाही," सर म्हणाले. "इमारत लहान आहे." आणि मग तोच प्रश्न, तशाच अदबीनं, "साहेब, तुम्हाला काय येत नाही?"

घड्याळवाले दोघं बंद पंख्याकडे पाहू लागले. मी देवाचं नाव घेतलं. मला माझं उत्तर आठवत होतं, आणि हे साहेब तर माझ्याहून कितीतरी जास्त खळीचे.

अध्यक्षांनी एकदा मागं घड्याळवाल्यांकडे वळून पाहिलं. मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "सायकल."

लहानपणी एकदा पडले, मग वडिलांनी हात लावू दिला नाही, मग मोठेपण आलं, मग गाडी आली. एवढं सगळं त्यांनी स्वतःहून सांगितलं. आणि सर म्हणाले, "यमुनाबाई, तुमची सायकल आणता का?"

दुपारचं जेवण बाजूला राहिलं. अख्खं विद्यापीठ मैदानात. अध्यक्ष सायकलवर, मागची सीट यमुनाच्या हातात, आणि ती त्यांच्या मागून धावत ओरडतेय, "साहेब, खाली नका बघू, म्होरं बघा. धरलंय मी, धरलंय." शहापूर तालुक्यात ते दोनदा आपटले. तिसऱ्यांदा यमुनानं हात केव्हा सोडला ते त्यांना कळलंच नाही. सफारीतले साहेब एकटेच हद्द ओलांडून मुरबाड तालुक्यात शिरले. पोरांनी असा कालवा केला की शेजारच्या शेतातले लोक उभे राहून पाहू लागले. थांबायचं कसं ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे साहेब बांधावरून थेट भातात गेले. उठले ते चिखलानं माखलेले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना दात आहेत.

अहवाल यायला पावसाळा उजाडला. विद्यापीठ आहे तसं आणि आहे तिथं राहावं, असं त्यात होतं. खाली एकच शिफारस: 'स्वागतगीताकडे लक्ष देणे आवश्यक.' सरांनी ती चौकट करून संगीताच्या खोलीत लावली. यमुनाच्या बापाला मी सांगायला गेले, तर तो म्हणाला, "म्हंजे हाय ना अजून? मंग शिकूं दे." तेवढंच. यमुना आज तिथंच संगीत शिकवते. इंग्रजीला बसते आणि दर वर्षी नापास होते, त्यामुळे परदेशी पाहुणे आले की स्वागताचं भाषण तिच्याकडे असतं.

सरांवर निवृत्तीच्या आदल्या वर्षी संकट आलं. ते गणितात पास झाले. काठावर, पण पास. पेढे वाटले नाहीत. दोन दिवस खुर्चीतून हलले नाहीत, मग माझ्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, सरका." संगीतात आम्हा दोघांचेही निकाल एकाच वेळी लागले. मी नापास, सर माझ्याहून खाली.

मग आला त्यांचा निरोप समारंभ. नियम म्हणजे नियम, गाणार नापासच. मी म्हटलं, सर, आज तुम्ही पाहुणे आहात, खुर्चीत बसा. ते म्हणाले, "पाहुणा असेन, पण नापासही आहे," आणि गमबूट वाजवत रंगमंचावर आले. आम्हा दोघांना मिळून येत होतं ते एकच गाणं. तेव्हा त्यांच्या निरोपाला आम्ही दोघांनी 'या या पाहुणे या' म्हटलं, सातही कडवी, हात आभाळात नेऊन. त्या दिवशी मुरबाडची वीज एकदाही गेली नाही. कुत्रंही उठलं नाही. म्हातारं झालं होतं, की सवय झाली होती, कोण जाणे.

मी फाटकापर्यंत सोडायला गेले. साडीला खळ नव्हती, केव्हापासून नव्हती तेही आठवत नाही. मुरबाडची एस.टी. यायची होती. सर म्हणाले, "बाई, मुलाखतीतला एक प्रश्न राहून गेलाय. तुम्हाला काय येत नाही?"

मी सांगायला लागले. गाता येत नाही, सायकल येत नाही, पोहता येत नाही, भाकरी गोल येत नाही, तक्ता वाचता येत नाही, कुणी रागावलं तर उत्तर देता येत नाही, आणि आता इथून परत व्हरांड्यात जाऊन ती रिकामी खुर्ची बघता येईल असं वाटत नाही. एस.टी. नेहमीसारखीच उशिरा आली, तरी माझं संपलं नव्हतं. सर चढले, खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "उरलेलं पत्रानं कळवा."

ते मी अजून कळवते आहे. सर आता नव्वदीला आले आहेत, पण उत्तर देतात. मागच्या आठवड्यात मी कळवलं, की मोबाईलवरचं पान दोन बोटांनी मोठं कसं करतात, ते मला येत नाही. उलट टपाली कार्ड आलं. मोठ्या, वाकड्या अक्षरांत एवढंच:

'मलाही. वर्ग कुठं भरतो?'